सबनीस रिअ‍ॅक्शन

२० नोव्हेंबर ७२. जामखेड.
अंक आला. पोस्टमनने जीपच्या बॉनेटवर ठेवून दिला, धुळीत. माझा लेख पहिला नाही, चौथा. पण लंडनच्या म्हाताऱ्याने (माझे गुरू, तोंडावर 'सर', इथे म्हातारा) संपादकीयात दीड पान त्यावरच खर्च केलंय. आणि नाव दिलंय. 'सबनीस रिअ‍ॅक्शन'. वाचलं, दाढी केली, पुन्हा वाचलं.

आजवर सगळे काय घोकत होते? क्षयाच्या जंतूंशी गाठ पडलेल्या माणसाला हातावर तपासणीच्या औषधाची सुई टोचली की तिसऱ्या दिवशी तिथे फुगवटा येतो. उपाशी माणसाला मात्र येत नाही, कारण उपाशी शरीरात लढायची ताकदच उरत नाही. मी दुष्काळी कामावरच्या बायकापोरांना टोचून दाखवलं, की येतो. नुसता येत नाही, जोरात येतो. मधोमध काळपट डाग, कडेला बारीक फोड. असा फुगवटा कुणी पाहिला नव्हता. मी पाहिला, खर्ड्याच्या अलीकडे, पाझर तलावाच्या कामावर. ज्यांना बघायला लंडनला जावं लागतं त्यांनी जावं.

फोटो झकास छापलाय. तलावावर माती वाहणाऱ्या हौसाबाईचा हात. मनगटापासून कोपरापर्यंत, बाकीची बाई कापून टाकली.

गायकवाड म्हणाला, "साहेब, त्या बाईला दाखवू का?" म्हटलं, तिला काय कळणार, सगळं इंग्रजीत आहे. "फोटोला कुठं इंग्रजी लागतं, साहेब." हा माझा मदतनीस. मी मोजतो, तो लिहितो. फार बोलायला लागलाय हल्ली.

२४ नोव्हेंबर.
तलावावर. यंदा ऊसच नाही, त्यामुळे तोडीला जाणारी घरंही इथेच माती वाहतायत. गर्दी वाढलीय. माझ्या दृष्टीने बरंच.

माझी पद्धत एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. टोचलं की तिसऱ्या दिवशी हात दाखवायला यायचं. फुगवटा आला की घराला दूध पावडरीचा डबा. ही कल्पना माझी. आधी लोक दुसऱ्यांदा तोंड दाखवायचे नाहीत, आता माझ्याआधी रांग लागलेली असते. आरोग्य खात्याने हाच नियम उचलला आणि तालुक्यातल्या सगळ्या कामांवर लावला.

दुसरा नियम: टोचल्या जागेला हात लावायचा नाही, काही चोळायचं नाही. चोळलेलं दिसलं तर नाव कमी. पहिल्या खेपेला एका म्हातारीने हळद लावली होती. तिला सगळ्यांसमोर रांगेतून काढली, डबा परत घेतला. रडली. तेव्हापासून कुणाची हिंमत नाही. विचारलं की एका सुरात, "काय बी लावलं न्हाई, साहेब." शिस्त ही अशी लागते.

५ डिसेंबर.
मद्रासच्या एका दीडशहाण्याचं पत्र संपादकाने पाठवलंय. उत्तर द्या म्हणे. अत्यंत नम्र. म्हणजे अत्यंत विषारी. 'डॉ. सबनीस यांनी त्याच गावांत नुसतं मीठपाणी टोचून पाहिलं होतं काय? लेखात तसा उल्लेख आढळला नाही.'

आढळला नाही कारण केलं नाही. गरज नव्हती. मीठपाण्याने कुणाला फुगवटा येतो? डोक्यात तिडीक गेली. दुपारचं जेवण तसंच टाकलं.

९ डिसेंबर.
ठीक. करतो. मीठपाणी टोचतो, सगळे हात सपाट येतात, आणि त्याच्या नम्रतेसकट त्याला गाडतो.

१४ डिसेंबर.
टोचलं. जामखेडजवळचं नवं काम, खडी फोडण्याचं. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना मीठपाणी. कुणाला काय ते फक्त मला आणि गायकवाडला ठाऊक. बायका नेहमीसारख्या हात पुढे करून उभ्या. एक म्हणाली, "साहेब, यंदा डबा मोठा हाय म्हनं?" म्हटलं, आधी हात फुगू दे.

१६ डिसेंबर.
सगळ्यांना आलाय.

औषधवाल्यांना आला. मीठपाणीवाल्यांनाही आला. काळा डाग, कडेला फोड, सगळं तसंच. अगदी फोटोतला हात, पुन्हा पुन्हा, रांगभर.

एकच कारण. गायकवाडने बाटल्या बदलल्या. तिथेच, बायकांसमोर उभा केला. म्हटलं, "हा बघा सरकारचा पगार खाणारा. याला पाणी आणि औषध वेगळं कळत नाही. याच्यापेक्षा तुमच्यातली एखादी ठेवली असती." त्याचे कान लाल झाले. एक-दोन पोरी हसल्या. मला ते बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

१९ डिसेंबर.
त्याच बाटलीतलं मीठपाणी परवा स्वतःच्या हातावर टोचलं. गायकवाडच्याही. त्याने बाही वर केली आणि भिंतीकडे बघत राहिला.

आज दोघांचेही हात सपाट. काही नाही. डास चावला असता तर जास्त दिसलं असतं. म्हणजे बाटल्या बरोबर होत्या.

बाटल्या धुऊन ठेवायला सांगितल्या. त्याने ठेवल्या.

२१ डिसेंबर.
न कळवता तलावावर गेलो, एकटा. हौसाबाईचं खोपट बंधाऱ्याच्या पायथ्याशी. नवरा नामदेव आत पडलेला, खोकत. क्षय आहे, आपल्याच यादीत आहे. पोरगी छबी त्याच्या उशाशी बसलेली. पाच-सहा वर्षांची असेल, दिसते तीनची.

म्हटलं, "हौसाबाई, खरं सांग. सुईच्या जागेला काय लावतेस?"
"काय बी न्हाई."
"मी नाव कमी करणार नाही."
"आन दूध?"
"दूधही बंद होणार नाही."
"मंग बिब्बा."

हातातलं काम चालूच. मी उभाच्या उभा. म्हणाली, "आवं साहेब, तुमीच म्हनला की, फुगंल त्याला दूध. पयल्या खेपेला चार घरांना आलं, बाकी कुनालाच न्हाई. आमची पोरं त्यांच्या दाराम्होरं जाऊन बसायची. मंग आमी म्हनलं, बिब्बा तर उततोच. टोचल्याल्या जाग्यावर लावायचा, दीसभर ठिवायचा, आन तुमी यायच्या सकाळी राखंनं घासून काढायचा. समदं काळं निघत न्हाई, थोडं ऱ्हातं."

थोडं राहतं. त्याच थोड्याचं नाव सबनीस.

"सगळ्यांनीच?"
"समद्यांनी. ल्हान पोरांना थोडाच लावायचा, कातडी कवळी असती."
"दुखत नाही?"
"दुखतंय की. लई आग व्हती. पोरं वराडत्यात. मंग दूध पित्यात."
"मी निक्षून सांगितलं होतं, काही लावू नका म्हणून."
"व्हय. म्हून तर घासत हुतो."

राग आला. तिच्यावर, की माझ्यावर, की मद्रासवाल्यावर, ते कळेना. तिने चहा विचारला. दूध नसलेला.

२२ डिसेंबर.
मला बिब्बा माहीत नाही असं थोडंच आहे. धोबी कपड्यांवर खूण करतो ती बिब्ब्याचीच. माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला आतून आहे. रोज गळ्याशी घेऊन हिंडतोय आणि हातावर बघून ओळखला नाही.

२३ डिसेंबर.
बाजारातून बिब्बे आणले. दुकानदार म्हणाला, "घरात बाळंतीण का, डॉक्टर?" हो म्हटलं.

सुईवर धरून दिव्यावर तापवला, डाव्या हाताला ठिपका दिला. सुटकेची एक वाट दिसत होती. बिब्ब्याने उतणं हेसुद्धा एका अर्थी शरीराने दिलेलं उत्तरच आहे. म्हणजे उपाशी शरीर उत्तर देतं, हे माझं म्हणणं उरतंच. फक्त कशाला उत्तर, तेवढं चुकलं. एक तळटीप घातली की भागेल.

संध्याकाळपर्यंत हाताची लाहीलाही. कसलं उत्तर न कसलं काय, तापलेल्या चिकाने नुसतं भाजलंय. मेलेल्या कातडीवरही डाग पडला असता. आणि हे पोरांना लावतात. आणि मी पट्टी लावून मोजत होतो, बारीक डोळे करून.

२६ डिसेंबर.
हात सुजलाय. लांब बाहीचा सदरा. गायकवाडने बघितलं. "बिब्बा उतला वाटतं," म्हणाला. म्हणजे याला माहीत होतं? केव्हापासून? विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल.

८ जानेवारी ७३.
म्हाताऱ्याचं पत्र. त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत हौसाबाईच्या हाताचा फोटो घेतायत, रंगीत. दिल्लीत एक मुलगी याच विषयावर डॉक्टरेट करतेय. आणि आफ्रिकेत दोन ठिकाणी सबनीस रिअ‍ॅक्शन सापडली.

सापडली? तिकडे काय लावतात?

हसू आलं, थांबेचना.

मद्रासला उत्तर: 'प्रयोग चालू आहेत.' एकच ओळ.

३० जानेवारी.
मुंबईहून तार. आरोग्य समितीच्या बैठकीला यावं. विषय: दुष्काळी कामांवरचं दूध चालू ठेवायचं की नाही. आधार: माझा लेख.

म्हणजे आता ते निव्वळ नाव राहिलं नाही. मी लिहिलंय की उपाशी शरीरही लढतं. ते म्हणणार, लढतंय ना, मग दूध कशाला? मी गेलो आणि खरं सांगितलं, तर दूध राहील आणि मी जाईन. लंडन, पाठ्यपुस्तक, सगळं. मद्रासवाला पेढे वाटेल. नाही सांगितलं तर मी राहीन.

एवढं सरळ आहे. कुणालाही समजेल. नामदेवलासुद्धा.

७ फेब्रुवारी. मुंबई.
सचिवालय. बैठकीआधी सचिवांनी खोलीत बोलावून घेतलं. उंची कप, पंखा. "डॉक्टर, तुमच्या लेखाने आमचं काम सोपं केलं. उपाशी शरीर लढतंय म्हटल्यावर दूध ही चैन झाली." मी म्हटलं, तसं अगदी म्हणता येणार नाही. "का बरं?"

आता सांगायचं होतं. रात्रभर एसटीत वाक्यं जुळवत आलो होतो. जीभ उचलली आणि बाहेर पडलं ते असं: "एक गंमत सांगतो, साहेब. एका कामावर बायका दुधासाठी हाताला बिब्बा लावून फोड आणतात. माझ्या अभ्यासातल्या नव्हेत अर्थात. दुसऱ्या."

दुसऱ्या. हा शब्द कुठून आला मला माहीत नाही. आला, आणि मी सुटलो.

सचिव खूप हसले. मग एकदम थांबले. "म्हणजे आपण दूध देऊन लबाडी शिकवतो म्हणायचं." समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मी तसं नव्हे म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिपाई बिस्किटं घेऊन आला.

बैठकीत मला एकच प्रश्न. लेखातल्या निष्कर्षावर आपण ठाम आहात ना? म्हटलं, लेख छापलेला आहे. हे खोटं नाही. टाळ्या नव्हत्या, पण माना हलल्या.

८ फेब्रुवारी.
परतीच्या गाडीत हिशेब लावत बसलो. खरं सांगितलं असतं तरी त्यांनी तेच केलं असतं, लबाड म्हणून दूध बंद. खोटं सांगितलं असतं तरी तेच. म्हणजे माझ्यावर काहीच येत नाही. हे नगर येईपर्यंत पटत होतं. जामखेडला उतरलो तेव्हा पटेना.

२ मार्च.
नामदेव गेला. परवाच. गायकवाडने सांगितलं, सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. तो गेलाच असता, डाव्या फुप्फुसात काही उरलं नव्हतं. पण घरात एवढ्याशा जागेत पोरगी त्याच्या उशाशी, वर्षभर.

१२ मार्च.
हुकूम आला. दूध आजपासून बंद. हुकमात कारणही दिलंय: 'लाभार्थ्यांकडून गैरप्रकार आढळून आल्याने.' कामावरच्या मुकादमाने मोठ्याने वाचून दाखवलं. गैरप्रकार म्हणजे काय, एकीने विचारलं. मुकादम म्हणाला, "बिब्बा."

सगळ्या बायका एकदम वळल्या, माझ्याकडे नाही, हौसाबाईकडे. डिसेंबरात माझी जीप तिच्या खोपटापाशी उभी होती, हे सगळ्यांनी पाहिलेलं. एक म्हातारी म्हणाली, "दादला खाल्ला, आता आमची पोरं खा." दुसरी तिच्या वाटेत थुंकली.

ती जीपपाशी आली. कपाळ पांढरं. "तुमी म्हनला हुता, बंद व्हनार न्हाई."
"सरकारचा हुकूम आहे, बाई."
"सरकारला कुनी सांगितलं?"

मी चावी फिरवली. गायकवाड शेजारी बसलेला. बायका बघत होत्या. एक वाक्य बोललो असतो, हिने नाही, मी सांगितलं, तर तिची सुटका झाली असती. एवढंच वाक्य. गिअर टाकला.

१९ मार्च.
हौसाबाईला पाणी भरू देत नाहीत म्हणे. टँकर आला की तिला शेवटी ठेवतात, आणि शेवटी पाणी उरत नाही. गायकवाड स्वतःच्या सायकलवरून तिला घागर नेऊन देतो. त्याबद्दल त्याला काही म्हणायला माझ्याकडे काही नाही.

एक विचार मात्र येतो. वाईट विचार. त्या बायकांना मी शिस्त शिकवली तीच ही, रांगेतून काढायची.

१० एप्रिल.
म्हातारा पाठ लागलाय. 'केवळ औपचारिकता, प्रिय सबनीस, पण फोटो छापण्यापूर्वी मीठपाण्याचे आकडे हवेत. मद्रासचे गृहस्थ मलाही लिहितात.' जूनपर्यंत.

डिसेंबरचे आकडे माझ्या पेटीत. ते पाठवले तर सगळं संपलं. नवे घ्यायला हवेत.

आणि मग दुपारी, जेवता जेवता, डोक्यात आलं. आता दूध बंद आहे. म्हणजे बिब्बा लावायचं कारणच उरलं नाही. आता हात खरं बोलतील. मीठपाणी सपाट येईल, म्हाताऱ्याला हवं ते. आणि औषध?

गेली दोन वर्षं जे बघायला हवं होतं ते दूध बंद केल्यावर दिसणार आहे. यांना उपाशी ठेवूनच प्रयोग बरोबर होतो. असा प्रयोग मी मागितला असता तर कुठल्या समितीने परवानगी दिली असती?

२६ एप्रिल.
टोचलं. तलावावर. ऊन असं की पाणीच आटून गेलंय, बायका कोरडी माती कोरड्या खड्ड्यातून काढतायत. रांग लागेल असं वाटलं नव्हतं. लागली. का आल्या विचारलं तर एक म्हणाली, "सवय." दुसरी म्हणाली, "कुनी सांगावं, दील सरकार परत."

जीपमध्ये मागच्या बाजूला जुने काही डबे अजून आहेत. फुगेल त्याला डबा, एवढं नुसतं औषध टोचलेल्यांना बोललो असतो तर परवा त्यांचेच हात फोटोसारखे फुगले असते, म्हाताऱ्याची सबनीस रिअ‍ॅक्शन शाबूत. ओठांवर आलं होतं. गायकवाड बाटली हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता, बोलतो की नाही. बोललो नाही. चांगुलपणा नव्हे, कसला कंटाळा होता कोण जाणे.

हौसाबाई रांगेत सगळ्यात शेवटी, इतरांपासून हातभर लांब. छबीला कडेवर घेऊन. "माझं ऱ्हाऊ द्या. हिला टोचा. हिच्या बापाचं हिला लागलंय का बघा." मी औषधाची सुई घेतली. पोरगी रडली नाही. रडायला हवी होती.

२८ एप्रिल.
मोजणी.

मीठपाणी सपाट. सगळे. बरोबर.
औषध: सपाट. सपाट. सपाट. एका धडधाकट मुकादमाला आला, तो घरून भाकरी आणतो. त्याचा फुगवटा स्वच्छ, गुलाबी, पुस्तकात असतो तसा, काळं काही नाही. बाकी रांगभर काही नाही. घरात क्षयाने माणसं गेलेली, जंतू पोटात घेऊन उभ्या असलेल्या बायका, आणि हातावर काही नाही. जग म्हणत होतं तेच. उपाशी शरीर लढत नाही. मद्रासवाला बरोबर होता, त्याच्या आधीचे सगळे बरोबर होते, एक मी सोडून.

हे आकडे तसेच गेले तर फोटो निघेल, नाव निघेल. आणि समितीला पुन्हा बसावं लागेल, दुधासाठी. बसेल का? माहीत नाही. नाही गेले तर जूनमध्ये पाठ्यपुस्तक.

शेवटी छबी. हौसाबाईने तिचा हात माझ्या पुढ्यात धरला, फोटोतल्यासारखाच, मनगटापासून कोपरापर्यंत. बोट फिरवलं. काही नाही. सुईचा ठिपकासुद्धा शोधावा लागला. वर्षभर बापाच्या खोकल्यात झोपलेली पोर, हिचा हात टरारून फुगायला हवा होता. मला धडकीच भरली: जंतू आत असणार, शरीर उठतच नाही.

हौसाबाईचं तोंड उजळलं होतं. महिन्याभरात पहिल्यांदा पाहिलं.
"फुगलं न्हाई. म्हंजी पोरीला काय न्हाई ना, साहेब?"

मागच्या बायकाही पुढे सरकल्या, ऐकायला. गायकवाडने पेनाचं टोपण काढलं. "किती लिहू, साहेब?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी पट्टी उचलली आणि त्या सपाट हातावर पुन्हा एकदा ठेवली.